कोरड्या कपाटातली भरती

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. भूत, करणी, बाधा, जागेचा दोष... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मुळात माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. देवळात प्रसाद हातावर पडला तरी मी आधी त्याचा वास घेतो, आणि त्यावरून आमच्या हिने मला चारचौघांत ऐकवलेलंही आहे. पण मी तरी काय करणार? बत्तीस वर्षं QC मध्ये, म्हणजे माल तपासण्यात, काढली. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतो आणि, राग मानू नका, बहुतेक वेळा हसतो. कोणाला पांढरी बाई दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात. मला दर वेळी वाटायचं, या माणसाने तिथे एखादा मीटर लावून बघितलं असतं तर? माझ्या वेळी माझ्या हातात मीटर होता. म्हणून लिहितोय.

वसईजवळ वालीवला मेन रोड सोडून खाडीच्या अंगाला आत गेलं की शेवटच्या रांगेत आमचा गाळा आहे. गाळा शेठचा, मी नोकर. पुढे पत्र्याच्या छपराखाली पंपाच्या कंट्रोलरची असेंब्ली चालते आणि मागे AC ची एक बंद खोली आहे, तिला आम्ही पॉटिंग रूम म्हणतो. पॉटिंग म्हणजे सर्किट डब्यात ठेवायचं आणि वरून इपॉक्सी ओतायचं. ते दगडासारखं घट्ट झालं की आत पाण्याचा थेंब जात नाही. बोअरवेलचे सेन्सर, टाकीचे फ्लोट, असली कामं. त्या खोलीत सात बायका ठेंगण्या स्टुलांवर बसून काम करतात.

त्यातल्या सगळ्यात जुन्या ताराबाई. कामणच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव, घरची थोडी भातशेती, पंचेचाळिशी उलटलेली. ओतलेल्या इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर त्या बोटाने डबा वाजवून सांगायच्या, "साहेब, यात हवा राहिली." मी मशीनवर तपासायचो. बुडबुडा निघायचा. मला त्याचाही थोडा संशयच यायचा.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे एक वेगळंच काम आलं. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या रेवा मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, उन्हाने रापलेल्या, हातात सगळ्या परवानग्यांची फाईल. वसईच्या खाडीच्या मुखाशी आणि बाहेर समुद्रात डॉल्फिन असतात, त्यांच्या पाठीवर लावायचे आठ इलेक्ट्रॉनिक टॅग त्यांना आमच्याकडून पॉटिंग करून हवे होते. टॅग साबणाच्या वडीएवढा. खाली रबराच्या वाट्या असतात. होडीतून लांब काठीने तो डॉल्फिनच्या पाठीवर टेकवायचा, वाट्या हवा ओढून चिकटतात, आणि काही तासांनी टॅग आपोआप सुटून वर तरंगतो. मग शोधून आणायचा. प्राण्याला इजा नाही.

आत दोन मुख्य गोष्टी. एक दाबाचा सेन्सर, तो किती खोल आहोत ते लिहून ठेवतो. दुसरी म्हणजे वरच्या बाजूला स्टीलचे दोन ठिपके. खारं पाणी त्या दोन ठिपक्यांवर आलं की टॅगला कळतं आपण बुडालो आहोत, आणि त्याचा रेडिओ बंद होतो. ठिपके कोरडे झाले की रेडिओ सुरू होतो, टेस्टिंगच्या वेळी एक हिरवा दिवाही लागतो. मॅडमनी एका वाक्यात सांगितलं होतं, "सर, याला एवढंच कळायला हवं. प्राणी पाण्याखाली आहे, की श्वास घ्यायला वर आलाय."

त्यांनी बायकांनाही मोबाईलवर फोटो दाखवला. ताराबाई म्हणाल्या, "मुक्या जिवाच्या पाठीवर कशाला वझा?" सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. मनात नोंद करून ठेवली.

या कामासाठी खोलीत धूळ चालणार नव्हती, म्हणून मी गाळ्याची साफसफाई काढली. मागच्या भिंतीच्या बाहेर, पायाला लागून, वाळलेल्या चिखलाचे गोळे ओळीने ठेवलेले होते. नारळाएवढे. काही नवे, काही फुटून माती झालेले. इतकी वर्षं ते तिथे असतील, पण मागे जातो कोण? मला वाटलं उंदरांचं काहीतरी काम, नाहीतर कामगारांचा खेळ. सगळे काढून फेकायला लावले आणि भिंतीलगत सिमेंटचा कोबा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी ताराबाई कामाला आल्या त्या आधी मागे जाऊन आल्या.

"साहेब, मागचे गोले कोनी काढले?"

"मी. का?"

"काय नाय."

आणि आत जाऊन कामाला बसल्या. हे "काय नाय" मला खटकलं. ज्याला काही नसतं तो विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. पॉटिंग झालं की टॅग चालू करून आठवडाभर कोरड्या कपाटात ठेवायचे आणि मग आतली नोंद काढून बघायची. कपाट पॉटिंग रूममध्येच, लोखंडी, कुलूपबंद. कपाटात पाणी कुठलं? म्हणजे टॅग किती खोल आहे ते दाखवणारी रेघ आठवडाभर शून्यावर सरळ यायला हवी. खालच्या फळीवर तीन टॅग, मधल्या फळीवर तीन, वरच्या फळीवर दोन असे मी स्वतः मांडले.

आठवड्याने नोंद काढली. वरच्या दोन टॅगची रेघ सरळ होती. मधले तिघे मधूनमधून थोडं पाणी दाखवत होते. आणि खालच्या फळीवरचे तीन टॅग सांगत होते की ते दिवसातून दोनदा जवळजवळ एक मीटर पाण्याखाली जाऊन आले आहेत. नुसता दाब नाही, स्टीलच्या ठिपक्यांची नोंदही तेच म्हणत होती. ओले. कोरडे. ओले. कोरडे.

मी पहिला संशय सेन्सरवर घेतला. टॅगच्या जागा बदलल्या, वरचे खाली आणि खालचे वर ठेवले. दोन दिवसांनी बघितलं तर आता जे खाली होते ते बुडत होते आणि वर गेलेले कोरडे होते. म्हणजे दोष टॅगमध्ये नव्हता... जागेत होता. हे वाक्य मी तेव्हा मनातसुद्धा म्हटलं नाही. मी म्हटलं, कोणीतरी हात मारतंय.

रेवा मॅडम आल्या. लॅपटॉपवर बराच वेळ रेघ बघत राहिल्या. मग पर्समधून भरती-ओहोटीच्या वेळांचं छापील पुस्तक काढून शेजारी ठेवलं. रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकत होती, अगदी भरतीसारखी. खाडीत पाणी आतवर यायला जो थोडा उशीर लागतो, तोसुद्धा त्यात होता.

"सर, तुम्ही टॅग खाडीत नेले होते का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मॅडम, कपाटाच्या दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे असते."

"आणि दुसरी?"

दुसरी ताराबाईंकडे असायची. रोज सकाळी कपाट उघडून दिवे बघायचं काम त्यांचं.

त्यांच्या संस्थेला लेखी रिपोर्ट हवा होता. काय झालं, कधी झालं, कारण काय, जबाबदार कोण. कारण सापडलं तर टॅग घेऊ, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. शेठने संध्याकाळी मला केबिनमध्ये घेतलं. "दळवी, सोप्पं आहे. कामगाराने टॅग बाहेर नेले असं लिहून टाका. विषय संपला."

मी तसं लगेच लिहिलं नाही. भलेपणा म्हणून नाही, पुरावा नव्हता म्हणून. मग पुराव्याच्या मागे लागलो. कपाटाच्या दाराला कागदी पट्टी चिकटवून त्यावर सही केली. पट्टी शाबूत राहिली, पण आतले टॅग बुडाले. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. कपाटाजवळ कोणी फिरकलेलं नव्हतं. मग मला कॅमेरा लावणाऱ्या माणसाचा संशय आला. माझं हे असं आहे.

त्याच दिवसांत बायकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कानाला दडे बसतात, दम लागतो, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. सुनीता म्हणून एक वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी आहे, ती म्हणाली, "सर, एसीत काहीतरी लोचा आहे. रोज होतं, पण टाइम सेम नसतो. काल अकराला झालं, आज बाराच्या आसपास." मी AC ची सर्व्हिसिंग करून घेतली, आणि खरं सांगतो, मनात म्हटलं, काम टाळायला सगळ्यांनी मिळून काढलेलं निमित्त आहे हे. वेळ रोज पुढे का सरकते, हा विचार करायला हवा होता. तो मी केला नाही.

आणि एका गुरुवारी सकाळी ताराबाई गेटवर सापडल्या. खांद्याला रोजची कापडी पिशवी, पण पट्टा ताणलेला. मी सगळ्यांच्या देखत पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. डबा, कंगवा, गोळ्यांची एक पट्टी, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ओल्या चिखलाचा नारळाएवढा गोळा. खाडीचा चिखल. त्याचा वास वसईच्या माणसाला चुकत नाही.

"हा कशाला?"

"ठेवाचा हाय. मागं, भितीला."

"का?"

"आमची राखन हाय ती. पुनव आली."

मी हसलो. आज ते हसू आठवलं की लाज वाटते. "राखण? कसली, माझ्या कपाटाची?"

"तुमच्या कपाटाचा मना म्हाईत नाय, साहेब."

"खाडीचा चिखल तुमच्या पिशवीत आणि खाडीची भरती माझ्या टॅगमध्ये. किल्ली तुमच्याकडे. घर खाडीवर. डॉल्फिनचा पुळका पहिल्या दिवशीच आला होता. अजून काय पुरावा पाहिजे?"

सगळी असेंब्ली हातातलं काम थांबवून बघत होती. ताराबाईंचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "मी चोरी केली नाय, साहेब. टॅगला सांगितल्याबिगर हात लावला नाय." किल्ली टेबलावर ठेवली, बाकीचं सामान पिशवीत भरलं, गोळा मात्र तिथेच ठेवला. "यो तरी मागं ठेवा," एवढं म्हणून गेल्या.

तो गोळा मी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

वालीवमध्ये बातमी पसरायला चहाची एक टपरी पुरते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन गाळ्यांनी ताराबाईंना दारातूनच परत पाठवल्याचं कळलं. "दळवीने काढली म्हणजे काहीतरी असणारच," असं तिथला एक सुपरवायझर म्हणाला म्हणे. तेव्हा मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. त्यात ताराबाईंचं नाव जाणार होतं, आणि एकदा कागदावर नाव गेलं की त्या बाईला या भागात कोणी कामावर ठेवणार नव्हतं.

पण QC चा एक नियम आहे. कारण सापडलं असं वाटलं तर ते काढून बघायचं. कारण काढल्यावर दोष गेला पाहिजे. दोष राहिला तर ते कारण नव्हेच. ताराबाई गेल्या, किल्ली माझ्याकडे आली, म्हणजे आता कपाटात भरती यायला नको. एवढं सिद्ध करून रिपोर्ट पक्का करायचा, म्हणून मी रविवारी गाळ्यावर गेलो. पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाची भरती.

साडेदहाला पोचलो. वॉचमन गेटवर पेपर वाचत होता. पॉटिंग रूममध्ये मी एकटा. फरशी कोरडी ठणठणीत, हात फिरवून बघितली. एक टॅग घेतला, टेस्टची लांब केबल लावून लॅपटॉपला जोडला आणि फरशीवर ठेवला. आकडा शून्य, दिवा हिरवा. लॅपटॉप कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि स्टुलावर बसून डबा उघडला. पोळीभाजी होती.

अकरा वाजून गेल्यावर हिरवा दिवा विझला.

आकडा नऊ सेंटिमीटर दाखवत होता. मी केबल हलवली, पिन काढून परत लावली. चौदा. वाकून बघितलं, टॅग कोरडा. रुमालाने ठिपके पुसले. रुमालही कोरडाच. एकवीस. मी बघत बसलो आणि आकडा चढत गेला. चाळीस झाले, मग साठ. नव्वदच्या सुमाराला माझ्या दोन्ही कानांना एकदम दडे बसले, घाटात गाडी चढताना बसतात तसे. बाहेरच्या कॉम्प्रेसरचा आवाज बारीक झाला. आणि छातीवर सगळ्या बाजूंनी वजन आलं. दुखत नव्हतं, पण श्वास ओढून घ्यावा लागत होता.

मी उभा राहिलो तोवर आकडा एकशेवीसच्या पुढे गेला होता. टॅग हातात घेतला. मग जे केलं ते का केलं मला माहीत नाही, सवयीने केलं असेल. टॅग हळूहळू वर उचलत गेलो. गुडघ्यापाशी आकडा कमी झाला, कमरेपाशी आणखी कमी. बरगड्यांपाशी दहा. खांद्याच्या जरा खाली शून्य झालं आणि हिरवा दिवा लागला. खाली नेला, विझला. वर आणला, लागला. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी दिवा त्याच उंचीवर लागत होता... नाही, त्याच नाही. दर वेळी बोटभर वर.

मंडळी, तेव्हा मी घाबरलो. सरळ सांगतो. अंगावरचा शर्ट सुका होता, AC चालू होता, समोर उघडा डबा, त्यातली पोळीसुद्धा कोरडी. आणि माझ्या हातातला टॅग मला सांगत होता की तू खांद्यापर्यंत पाण्यात उभा आहेस. दार सातेक पावलांवर होतं, पण पाय उचलत नव्हते, चिखलात रुतल्यासारखे. दिवा आता हनुवटीपाशी लागायला लागला. तोंड उघडलं तरी हवा पुरेना. मी कसाबसा स्टुलावर चढलो, तिथून टेबलावर गेलो आणि टेबलावर ताठ उभा राहिलो.

टेबलावर डोकं वर गेल्याबरोबर कान मोकळे झाले. एक मोठा श्वास आला. एवढा मोठा श्वास मी आयुष्यात घेतला नसेल.

दोन वाजून गेल्यावर आकडा उतरायला लागला. फरशीपर्यंत हिरवा दिवा आल्याशिवाय मी खाली पाय ठेवला नाही.

सोमवारी फोन करून मी पुढचं सांगेपर्यंत पॉटिंग रूम बंद ठेवायला सांगितली आणि गाळ्यावर न जाता कामणची रिक्षा केली. ताराबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण नवऱ्याला पाणी आणायला सांगितलं. मी रविवारचं सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "तुमचा गाला हाय ना, ती आमची खाजन. खाऱ्या जमिनीतली भातशेती होती. तुमची मागची भीत हाय तिथं बांध होता. खाडीचा पानी आडवाचा. तिथंच दर उधानाला बांध फुटाचा, म्हनून आमच्या घराला तिथली राखन. पुनव-आवसंला चिखलाचा गोला न्हेवून बांधावर ठेवाचा."

"पण जमीन विकून वीस वर्षं झाली. बांध भरावाखाली गेला."

"सासरे मराच्या आधी बोल्ले, जमीन इकली, राखन नाय इकली. तू तिथं कामाला जातंस तर गोला ठेवत जा. म्हनून ठेवत होती."

"त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

ताराबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. "सांगितला असता तर तुम्ही रिपोर्टात लिवला असता?"

नसतं लिहिलं.

"मना नोकरीचा नाय, साहेब," त्या पुढची शेंग उचलत म्हणाल्या. "पोरगी इचारते, आये, तू खरंच काय उचलला का."

त्या वाक्याने मला जे झालं ते रविवारीही झालं नव्हतं.

परत आलो आणि रिपोर्ट लिहायला बसलो. शेठ डोक्यावर उभे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "कारण माहीत नाही. ताराबाईंचा काहीही संबंध नाही. रविवारची नोंद झाली तेव्हा टॅग माझ्या हातात होता." खाली सही. बत्तीस वर्षांत "माहीत नाही" असं मी कधी लिहिलेलं नाही. शेठ म्हणाले, "दळवी, तुम्हाला वेड लागलंय, काम गेलं हातचं." मी म्हटलं, जाऊ दे.

दुपारी रेवा मॅडमना मी रविवारची फाईल दाखवली, तोंडी काही न सांगता. त्यांनी बोट एका जागी ठेवलं. "बराच वेळ पाण्याखाली... मग इथे घाईघाईने वर आलाय. श्वास घ्यायला. अगदी टिपिकल आहे. पण सर, हे टॅग अजून समुद्रात गेलेच नाहीत. हा प्राणी कोणता?"

"मी," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. टॅग त्यांनी दुसरीकडे तपासून घेतले, तिथे आठही अगदी व्यवस्थित चालले, आणि मग घेऊन गेल्या. पुढे समुद्रातही चालले. काम गेलं नाही, पण ते नंतर कळलं.

ताराबाईंनी परत येण्यासाठी एकच अट घातली. "माफी नको. गोला तुम्ही ठेवा. आनि सगल्यांच्या समोर, माझी पिशवी उलटली तशी."

अमावास्येला सकाळी मी भिंतीलगतचा कोबा फोडून घेतला. असेंब्लीची सगळी माणसं मागे बोलावली आणि सांगितलं की ताराबाईंनी काही नेलेलं नव्हतं, चूक माझी होती. मग पँट दुमडून चिखल मळायला बसलो. पहिला गोळा ताराबाईंनी हातात घेऊन बोटाने वाजवला आणि परत दिला. "यात हवा राहिली, साहेब." सुनीता खुदकन हसली. दुसराही रिजेक्ट. तिसरा पास झाला. तो मी भिंतीला लावून ठेवला, आणि वालीवच्या त्या दोन्ही गाळ्यांत स्वतः जाऊन सांगून आलो की दळवी चुकला होता.

त्या दिवशी दुपारी फरशीवर एक टॅग ठेवला होता, मॅडमनी माझ्यासाठी मागे सोडलेला, त्या आठांबाहेरचा जुना. रेघ सरळ शून्यावर. त्यानंतर आजपर्यंत प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येला ती सरळच आहे. बायकांचे कान दुखत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग स्पष्टीकरण मिळालं की. नाही मिळालं. चिखलाच्या गोळ्याने पाणी अडतं, हे मी मानत नाही. जे पाणी डोळ्यांना दिसत नाही, रुमालाला लागत नाही, ते मुळात काय होतं हेच मला माहीत नाही. गोळे काढले आणि सुरू झालं, गोळा ठेवला आणि थांबलं, हा योगायोगही असेल. ते ठरवायचा उपाय सोपा आहे, आणि तो मीच वर सांगितलाय. कारण काढून बघायचं. एका उधाणाला गोळा ठेवायचा नाही आणि टॅगकडे बघत बसायचं.

पण त्या रविवारी खोली रिकामी होती आणि मी उभा होतो, म्हणून टेबलावर चढलो. एरवी तिथे सात बायका ठेंगण्या स्टुलांवर बसलेल्या असतात. माझ्या हनुवटीपर्यंत आलेलं पाणी बसलेल्या बाईच्या डोक्यावरून जातं.

ती टेस्ट मी केलेली नाही. करणारही नाही.